मोफत उपचारास पात्र कोण? महाराष्ट्रातील ऐपतीच्या निकषांवर आधारित रुग्णसेवेचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

सार्वजनिक खर्चाने मिळणाऱ्या वैद्यकीय सेवेस पात्र कोण, हा प्रश्न वरकरणी प्रशासकीय वाटतो. उत्पन्नाची मर्यादा किती, दाखला कोणाचा, शिधापत्रिका कोणत्या रंगाची, एवढ्यापुरताच तो मर्यादित असल्याचा समज होतो. तथापि या प्रश्नाच्या उत्तरावर रुग्णाला खाट मिळणे वा न मिळणे अवलंबून असते आणि पुष्कळदा एखाद्या कुटुंबाची जमीन, दागिने वा मुलांचे शिक्षण टिकणे वा न टिकणेही अवलंबून असते. आरोग्यसेवेच्या इतिहासलेखनात रुग्णालये, साथी, लसीकरण आणि वैद्यकीय शिक्षण यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे 'पात्रता' या संकल्पनेला मिळालेले नाही. म्हणून प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या संदर्भात या संकल्पनेचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, आपल्याकडे उपचारास पात्र ठरविण्यासाठी वेळोवेळी जी साधने वापरली गेली, त्यांपैकी बहुतेक साधने मुळात दुसऱ्याच कामासाठी तयार झालेली होती. दारिद्र्यरेषा नियोजनासाठी आखली गेली, शिधापत्रिका धान्यवाटपासाठी छापली गेली आणि सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण मुख्यत्वे विकास कार्यक्रमांचे लाभार्थी निवडण्यासाठी झाले. ही साधने रुग्णालयाच्या दाराशी येऊन पोहोचली, तेव्हा त्यांच्या मूळ हेतूतील मर्यादाही त्यांच्याबरोबर आल्या.

देणगी, दया आणि कसोटी

ऐपत तपासून मदत देण्याच्या आधुनिक पद्धतीचे मूळ इंग्लंडच्या १८३४ च्या सुधारित गरीब कायद्यात सापडते. मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत खालच्या स्वतंत्र मजुराच्या स्थितीपेक्षा कमी आकर्षक असावी, हे त्या कायद्यामागील तत्त्व होते. मदत घेणाऱ्यास नागरी हक्कांचीही किंमत मोजावी लागे. केवळ वैद्यकीय मदत घेतली म्हणून मताधिकार जाऊ नये, अशी तरतूद होण्यास १८८५ साल उजाडावे लागले. आजारपण आणि परावलंबन या दोन भिन्न गोष्टी आहेत, याची ती उशिरा दिलेली कबुली होती.

धर्मादाय रुग्णालयांतही पात्रतेचा प्रश्न होताच. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १८९५ मध्ये मेरी स्टुअर्ट यांची नेमणूक झाली. रुग्णालयीन समाजकार्याचा आरंभ म्हणून या नेमणुकीचा उल्लेख केला जातो. त्यांच्या कामाचा एक महत्त्वाचा भाग, पैसे देऊ शकणारे लोक मोफत सेवेचा गैरफायदा तर घेत नाहीत ना, हे तपासण्याचा होता. म्हणजे ज्या व्यवसायाला आज आपण रुग्णाचा आधार मानतो, त्याच्या जन्माशीच ऐपतीची चौकशी जोडलेली आहे.

भारतात गरीब कायदा कधीच लागू झाला नाही. येथे राज्यसंस्थेने मदतीची कसोटी लावली ती दुष्काळात. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यातून दुष्काळ संहिता आकारास आल्या. काम करू शकणाऱ्याने मदतकार्यावर जाऊन कष्ट करावेत, हीच त्याच्या गरजेची खूण मानली गेली. फुकट मदत काम करण्यास असमर्थ असलेल्यांपुरती राखून ठेवण्यात आली. येथे उत्पन्नाचा दाखला नव्हता. जो खडी फोडायला येतो तो गरजू, असा हा हिशेब होता.

मोफत वैद्यकीय सेवेचा प्रवाह मात्र दातृत्वातून आला. मुंबईत सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीला ईस्ट इंडिया कंपनीच्या अर्थसाहाय्याची जोड मिळून १८४५ मध्ये रुग्णालय सुरू झाले. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय १८६७ मध्ये पूर्ण झाले. मुंबई महानगरपालिकेचे केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. ही रुग्णालये गरिबांसाठी म्हणून ओळखली गेली, परंतु गरीब कोण याची राज्यभर लागू होणारी व्याख्या त्या काळी अस्तित्वात नव्हती. निर्णय बव्हंशी रुग्णालयाच्या पातळीवर होई. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था स्थापन झाली आणि १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातील पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली. रुग्णाशी बोलून, त्याच्या घरची परिस्थिती जाणून घेऊन शिफारस करणारी व्यक्ती रुग्णालयात आली, ही या इतिहासातील लक्षणीय घटना होय. या पद्धतीत मनमानीला वाव होता, तसाच विवेकालाही होता.

भोर समिती : चाचणीविना सेवेची कल्पना

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये नेमलेल्या आरोग्य पाहणी व विकास समितीने १९४६ मध्ये अहवाल सादर केला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही पुरेशा वैद्यकीय सेवेपासून वंचित राहू नये, हे या अहवालाचे पहिले सूत्र होते. सेवा कोणताही भेद न करता सर्वांना मोफत असावी आणि ज्यांची ऐपत आहे त्यांनी आपला वाटा करांच्या रूपाने द्यावा, अशी समितीची भूमिका होती. ऐपत मोजायची तर ती करवसुलीच्या वेळी, रुग्णालयाच्या दारात नव्हे, असा तिचा अर्थ होतो.

ही भूमिका त्या काळाच्या विचारविश्वाशी सुसंगत होती. इंग्लंडमध्ये १९४२ चा बेव्हरिज अहवाल प्रसिद्ध झाला होता आणि ५ जुलै १९४८ रोजी तेथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. इंग्रज समाजाने १९३० च्या दशकातील मंदीत बेकारभत्त्यासाठी घरोघर होणारी ऐपतीची चौकशी अनुभवली होती आणि तिची कटुता ताजी होती. भारताने मात्र भोर समितीचे सूत्र स्वीकारूनही त्यासाठी लागणारा पैसा कधी उभा केला नाही. सेवा तत्त्वतः सर्वांसाठी राहिली आणि प्रत्यक्षात अपुरी राहिली. अपुऱ्या सेवेचे वाटप करण्यासाठी पुढे जी चाळणी लागली, तिचा उगम या दरीत आहे.

दारिद्र्यरेषेचा प्रवास

पात्रतेच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा, तरीही क्वचितच चर्चिला गेलेला टप्पा १९६२ चा आहे. त्या वर्षी नियोजनाच्या संदर्भात नेमलेल्या एका कार्यगटाने किमान राहणीमानाचा खर्च निश्चित केला. धनंजयराव गाडगीळ, पीतांबर पंत, अशोक मेहता आणि अण्णासाहेब सहस्रबुद्धे आदींचा त्यात सहभाग होता. पाच माणसांच्या कुटुंबास दरमहा १०० रुपये, म्हणजे १९६०-६१ च्या किमतींनुसार दरडोई २० रुपये, अशी ती मर्यादा होती. या रकमेत आरोग्य आणि शिक्षण यांवरील खर्च धरलेला नव्हता. हा खर्च राज्यसंस्थेने करावयाचा आहे, हे त्यामागील गृहीतक होते.

१९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा आपला प्रसिद्ध अभ्यास मांडला. दररोज दरडोई २२५० उष्मांक मिळण्यास पुरेल असा खर्च त्यांनी आधारभूत मानला आणि १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागासाठी दरमहा १५ रुपये व नागरी भागासाठी २२ रुपये ५० पैसे अशी मर्यादा काढली. ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के आणि नागरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के लोक या मर्यादेखाली असल्याचे त्यांनी दाखविले. पुढे १९७९ च्या कार्यदलाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि नागरी भागासाठी २१०० उष्मांकांचे प्रमाण स्वीकारले. १९७३-७४ च्या किमतींनुसार त्यातून दरमहा अनुक्रमे ४९ रुपये ९ पैसे आणि ५६ रुपये ६४ पैसे ही दारिद्र्यरेषा निघाली.

या विद्वानांचा हेतू देशातील दारिद्र्याचे प्रमाण मोजण्याचा होता. अमुक एक कुटुंब गरीब आहे की नाही हे ठरविण्यासाठी त्यांनी ही रेषा आखली नव्हती. किती लोक गरीब आहेत आणि कोण गरीब आहे, हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर नमुना पाहणीतून मिळते, दुसऱ्यासाठी घराघराची यादी करावी लागते. ग्रामीण भागात १९९२, १९९७ आणि २००२ मध्ये झालेल्या दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या गणनांनी अशी यादी करण्याचा प्रयत्न केला. २००२ च्या गणनेत तेरा निकषांवर जास्तीत जास्त ५२ गुण देण्याची पद्धत होती.

यादी तयार झाल्यावर ती उपचारांच्या सवलतीसाठीही वापरली जाऊ लागली आणि येथे एक मूलभूत विसंगती निर्माण झाली. आरोग्यसेवा राज्यसंस्था देणार आहे, असे गृहीत धरून ज्या मर्यादेतून आरोग्याचा खर्च वगळला गेला, त्याच परंपरेतील रेषा ओलांडणाऱ्याला 'तू आता गरीब नाहीस, तेव्हा उपचारांचा खर्च तूच कर' असे सांगण्यात येऊ लागले. रेषेच्या थोडे वर असणाऱ्या कुटुंबाच्या अंदाजपत्रकात रुग्णालयाच्या बिलासाठी जागाच नव्हती, कारण रेषा आखताना ती ठेवलेलीच नव्हती. सुरेश तेंडुलकर यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २००९ मध्ये आरोग्य व शिक्षणावरील खासगी खर्चाचा दारिद्र्यरेषेत समावेश केला. पण तोपर्यंत सुमारे अर्धशतक लोटले होते.

शिधापत्रिकेचे रंग

महाराष्ट्रात सर्वसामान्य माणसाच्या दृष्टीने पात्रतेचा पुरावा म्हणजे शिधापत्रिका. या कागदाचा इतिहासही बोलका आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, मुंबईत शिधावाटप सुरू झाले ते श्रीमंत-गरीब सर्वांसाठी. तुटवड्याच्या काळात धान्याची समान वाटणी व्हावी, हा त्याचा हेतू होता. पुढची अनेक दशके शिधापत्रिका हा वास्तव्याचा पुरावा राहिला, दारिद्र्याचा नव्हे.

१९९७ मध्ये केंद्र सरकारने लक्ष्यनिर्धारित सार्वजनिक वितरण व्यवस्था आणली आणि त्यापाठोपाठ १ मे १९९९ पासून महाराष्ट्रात तिरंगी शिधापत्रिका योजना सुरू झाली. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न १५ हजार रुपयांपर्यंत असल्यास पिवळी, त्याहून अधिक परंतु एक लाखापर्यंत असल्यास केशरी आणि एक लाखाच्या वर असल्यास शुभ्र अशी विभागणी झाली. वार्षिक १५ हजार म्हणजे संपूर्ण कुटुंबाचे दिवसाचे उत्पन्न सुमारे ४१ रुपये. या मर्यादेत प्रामाणिकपणे बसणारे कुटुंब किती हलाखीत असेल, याची कल्पना करता येते.

धान्याच्या दुकानासाठी ठरविलेले हे रंग लवकरच रुग्णालयातही विचारले जाऊ लागले. असे होण्यास व्यावहारिक कारण होते. राज्यातील बहुसंख्य कुटुंबांकडे असणारा आणि उत्पन्नाचा काहीएक निर्देश करणारा दुसरा कागद उपलब्ध नव्हता. परंतु या सोयीची किंमत होती. ज्यांना स्वस्त धान्याची गरज वाटली नाही, अशा अनेकांनी शिधापत्रिकेकडे दुर्लक्ष केले. कामासाठी स्थलांतर करणारे मजूर, पदपथावर राहणारी कुटुंबे, कुटुंबातून वेगळ्या पडलेल्या स्त्रिया यांच्याकडे योग्य रंगाची, किंबहुना कोणतीच शिधापत्रिका नसण्याची शक्यता अधिक होती. सर्वाधिक गरजूंकडे सर्वांत कमी कागद असतात, हा अनुभव प्रशासनाला नवा नव्हता.

धर्मादाय रुग्णालये आणि कलम ४१ कक

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेखाली चालणाऱ्या रुग्णालयांना शासनाकडून करसवलती व अन्य लाभ मिळतात. त्याच्या मोबदल्यात त्यांनी गरीब रुग्णांसाठी काही खाटा राखून ठेवाव्यात, यासाठी मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० मध्ये १९८५ च्या दुरुस्तीने कलम ४१ कक समाविष्ट करण्यात आले. दहा टक्के खाटा मोफत आणि दहा टक्के सवलतीच्या दरात, असे त्याचे सूत्र होते. प्रत्यक्षात अंमलबजावणी शिथिल राहिली. २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि १७ ऑगस्ट २००६ च्या आदेशाने न्यायालयाने सविस्तर योजना मंजूर केली. ती १ सप्टेंबर २००६ पासून लागू झाली.

या योजनेतील पात्रतेची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २५ हजार रुपयांपर्यंत असणारा 'निर्धन' रुग्ण मोफत उपचारास पात्र ठरला. २५ ते ५० हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असणारा 'दुर्बल घटकातील' रुग्ण सवलतीस पात्र ठरला. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका वा दारिद्र्यरेषेखालील असल्याचे पत्र हे पुरावे मान्य करण्यात आले आणि त्यांची पडताळणी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाकडे सोपविण्यात आली. रुग्णालयाने एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' म्हणून वेगळ्या खात्यात ठेवावी, असे बंधन घालण्यात आले. तातडीच्या प्रसंगी रुग्णाला तत्काळ दाखल करून घ्यावे, प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यावेत आणि निर्धन रुग्णाकडून अनामत रक्कम मागू नये, हेही स्पष्ट करण्यात आले. या तरतुदीस घटनात्मक पार्श्वभूमी होती. तातडीचे उपचार नाकारणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील शासकीय रुग्णालयांच्या संदर्भात म्हटले होते.

या योजनेची दोन वैशिष्ट्ये नोंदविली पाहिजेत. एक म्हणजे तिने पात्रतेला पायऱ्या दिल्या. मोफत आणि पूर्ण दर यांच्यामध्ये सवलतीचा टप्पा ठेवल्याने मर्यादेच्या किंचित वर असणारा रुग्ण एकदम कड्यावरून खाली पडत नाही. दुसरे म्हणजे उत्पन्नाची मर्यादा रुपयांत ठरविली की भाववाढीबरोबर ती आपोआप आक्रसते, ही अडचण येथेही टळली नाही. वार्षिक २५ हजार म्हणजे कुटुंबाचे दिवसाचे सुमारे ६८ रुपये. नंतरच्या काळात या मर्यादा प्रथम ८५ हजार व एक लाख ६० हजार आणि पुढे एक लाख ८० हजार व तीन लाख ६० हजार रुपये अशा वाढविण्यात आल्या. दोन वाढींच्या मधल्या वर्षांत मजुरी नाममात्र वाढली म्हणून जे रुग्ण अपात्र ठरले असतील, त्यांची कोणतीही नोंद अशा योजनेत राहत नाही. नाकारलेल्यांचे रजिस्टर नसणे, ही पात्रतेच्या इतिहासकारापुढील मोठी अडचण आहे.

जीवनदायी ते जन आरोग्य

विम्याच्या धर्तीवर खासगी रुग्णालयांतही मोफत उपचार देण्याचा टप्पा एकविसाव्या शतकात आला. केंद्र सरकारने १ एप्रिल २००८ पासून दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना सुरू केली. तीत पाच जणांच्या कुटुंबास वार्षिक ३० हजार रुपयांपर्यंतचे संरक्षण होते. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली. पिवळी व केशरी शिधापत्रिका हा पात्रतेचा निकष, कुटुंबास वार्षिक दीड लाख रुपयांचे आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख रुपयांचे संरक्षण, हे तिचे स्वरूप होते. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना हे नाव देण्यात आले.

केशरी शिधापत्रिकाधारकांना सामावून घेतल्याने या योजनेने दारिद्र्यरेषेशी असलेले पात्रतेचे जुने नाते सैल केले, हे तिचे ऐतिहासिक महत्त्व होय. परंतु एक लाखाच्या वरचा कडा तसाच राहिला. शुभ्र शिधापत्रिका असणारा कोरडवाहू शेतकरी या कड्याचे ठळक उदाहरण ठरला. त्याच्याकडे सातबारा होता, कागदावर उत्पन्न होते आणि हाती रोकड नव्हती. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून चौदा जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना नंतर योजनेत समाविष्ट करण्यात आले. उत्पन्नाच्या मोजमापातील चूक दुरुस्त करण्याऐवजी अपवादाची नवी वर्गवारी निर्माण करायची, ही प्रशासनाची नेहमीची रीत येथेही दिसते. पात्रतेचे नियम असेच थरावर थर चढून वाढत जातात.

यादीचा निकष

२३ सप्टेंबर २०१८ रोजी प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली आणि पात्रतेच्या पद्धतीत आणखी एक बदल झाला. येथे अर्ज नाही, दाखला नाही. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय सर्वेक्षणात ज्या कुटुंबांची नोंद विशिष्ट वंचितता वा व्यवसाय दर्शविते, ती कुटुंबे आपोआप पात्र ठरली. ग्रामीण भागात कच्च्या भिंती व छप्पर असलेली एकच खोली, १६ ते ५९ वयोगटातील प्रौढ सदस्य नसणे, स्त्री कुटुंबप्रमुख असून त्या वयोगटातील पुरुष नसणे, अपंग सदस्य असून कोणी सक्षम प्रौढ नसणे, अनुसूचित जाती वा जमातीचे कुटुंब असणे आणि भूमिहीन असून मजुरीवर उपजीविका असणे, असे सहा निकष होते. नागरी भागात कचरावेचक, घरकामगार, फेरीवाले, बांधकाम मजूर आदी अकरा व्यावसायिक गट ठरविण्यात आले. देशातील १० कोटी ७४ लाख कुटुंबांना वार्षिक पाच लाख रुपयांचे संरक्षण देण्याचे उद्दिष्ट होते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून ही योजना राज्याच्या योजनेशी एकत्रितपणे राबविली जाऊ लागली.

उत्पन्नाऐवजी राहणीमानाची दृश्य चिन्हे पाहण्याचा हा मार्ग एका अर्थाने अधिक वास्तववादी होता. असंघटित क्षेत्रातील माणसाचे वार्षिक उत्पन्न त्यालाही सांगता येत नाही. पण घराच्या भिंती दिसतात. अडचण वेळेची होती. योजना सुरू झाली तेव्हा यादी सात वर्षे जुनी होती. या सात वर्षांत कोणी घर बांधले, कोणाचा कर्ता पुरुष गेला, कोणाचे शेत विकले गेले. यादीतील नाव मात्र तेथेच राहिले आणि यादीबाहेरचे नाव बाहेरच राहिले.

येथे ऐपतीच्या सर्वच चाचण्यांचा एक समान दोष स्पष्ट होतो. चाचणी मागच्या वर्षाचे उत्पन्न वा मागच्या सर्वेक्षणातील घर पाहते, आणि आजारपण पुढच्या महिन्याचे उत्पन्न बुडवते. मिळवता माणूस अंथरुणाला खिळतो, तेव्हा खर्च वाढतो व कमाई थांबते. चाचणीच्या दिवशी अपात्र असणारे कुटुंब उपचार संपेपर्यंत पात्र झालेले असते. तोवर त्याचा उपयोग उरत नाही. दारिद्र्य आणि आजार यांचा संबंध दुहेरी आहे. आपल्या पात्रतेच्या नियमांनी त्यातील एकच दिशा पाहिली.

चाचणीचा शेवट?

२०२० मध्ये कोविडच्या साथीत महाराष्ट्र शासनाने राज्यातील सर्व नागरिकांना शिधापत्रिकेचा रंग न पाहता जन आरोग्य योजनेचा लाभ देऊ केला. संसर्ग उत्पन्न पाहत नाही, हे त्या वर्षी सर्वांनाच उमगले होते. त्यानंतर २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने योजनेचा कायमस्वरूपी विस्तार सर्व कुटुंबांपर्यंत करण्यात आला आणि संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढविण्यात आले. हा विस्तार १ जुलै २०२४ पासून अमलात आला. दरम्यान १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सर्व उपचार निःशुल्क करण्यात आले. गोव्याने याच दिशेने आधी पाऊल टाकले होते. तेथे २०१६ मध्ये सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत उत्पन्नाची अट नव्हती. पाच वर्षांच्या वास्तव्याची अट होती. केंद्रानेही २०२४ मध्ये सत्तर वर्षे व त्यावरील सर्व ज्येष्ठांना उत्पन्नाचा विचार न करता आपल्या योजनेत सामावून घेतले.

तेव्हा ऐपतीची चाचणी संपली असे म्हणावे काय? दोन कारणांमुळे असे म्हणणे घाईचे ठरेल. पहिले कारण, पात्रतेचा प्रश्न उत्पन्नाकडून वास्तव्याकडे सरकला आहे. शिधापत्रिका वा अधिवास प्रमाणपत्र लागतेच, आणि परप्रांतातून आलेल्या, दर हंगामाला मुक्काम बदलणाऱ्या मजुराला नेमके तेच दाखविता येत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. माणसाची पात्रता सर्वांना मिळाली, तेव्हा आजाराची पात्रता तपासली जाऊ लागली. २०२३ च्या निर्णयात १३५६ उपचारांची यादी होती. आपला आजार यादीत आहे काय, तो उपचार अंगीकृत रुग्णालयात उपलब्ध आहे काय, पूर्वमान्यता मिळेल काय, हे प्रश्न आता रुग्णाचे नातेवाईक आरोग्यमित्राला विचारतात. रुग्णालयात दाखल न होता वर्षानुवर्षे औषधे घ्यावी लागणाऱ्या मधुमेही वा रक्तदाबाच्या रुग्णाला अशा योजनेचा आधार अत्यल्प असतो, कारण तिची रचना मुख्यत्वे शस्त्रक्रिया व आंतररुग्ण उपचारांभोवती झालेली आहे.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट महत्त्वाची आहे. तरीही दर शंभर रुपयांतील सुमारे चाळीस रुपये उपचारांच्या वेळी रुग्णाचे कुटुंब देत असेल, तर भोर समितीचे पहिले सूत्र अद्याप पुरे झालेले नाही, असेच म्हणावे लागते.

समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, महाराष्ट्रात मोफत उपचारास पात्र कोण, याचे उत्तर रुग्णालयातील माणसाच्या विवेकाकडून दाखल्याकडे, दाखल्याकडून शिधापत्रिकेकडे, शिधापत्रिकेकडून सर्वेक्षणाच्या यादीकडे आणि अखेर वास्तव्य व उपचारसूचीकडे सरकत गेले. प्रत्येक टप्प्यावर मनमानी कमी झाली, पण समोरच्या रुग्णाची परिस्थिती ऐकून घेण्याची मुभाही कमी झाली. दुसरा, पात्रतेची साधने उसनी होती. आरोग्याचा खर्च वगळून काढलेली दारिद्र्यरेषा आरोग्यसेवेची चाळणी म्हणून वापरली जाणे, ही या उसनवारीची सर्वांत गंभीर परिणती होय. तिसरा, चाचणी नेहमीच दोन प्रकारच्या चुका करते. अपात्राला लाभ मिळणे आणि पात्राला तो नाकारला जाणे. पहिल्या चुकीची चौकशी होते, हिशेब तपासनीस ती शोधतात, वृत्तपत्रे तिच्यावर लिहितात. दुसऱ्या चुकीची कागदोपत्री खूण राहत नाही, कारण नाकारलेला रुग्ण निमूटपणे घरी परततो.

इतिहासाच्या अभ्यासकाने या दुसऱ्या चुकीकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. धर्मादाय आयुक्त कार्यालयांतील तक्रारी, रुग्णालयांतील समाजसेवा विभागांच्या नोंदवह्या, तहसील कचेऱ्यांतील दाखल्यांचे अर्ज ही साधने जिल्ह्याजिल्ह्यांत उपलब्ध होऊ शकतात. महाविद्यालयीन पातळीवर इतिहास, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र या विभागांनी मिळून आपल्या परिसरापुरता जरी असा अभ्यास हाती घेतला, तरी नियमांच्या इतिहासाबरोबर त्या नियमांबाहेर राहिलेल्या माणसांचाही इतिहास लिहिला जाईल. पुढील योजनेची मर्यादा ठरविणाऱ्यांना त्याची गरज भासेल.